बाळूने न ऐकलेला हुंकार

बाळू गेली सतरा वर्षे पाच वर्षांचाच होता. त्याचे दुधाचे दात पडले नव्हते, त्याला कुणी शाळेत घातले नव्हते आणि आईने त्याला कधी धपाटा दिला नव्हता, कारण त्याला आई नव्हती. बालदृश्य परीक्षण मंडळाच्या कोल्हापूर कचेरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत तो राहत असे, आणि राज्यातल्या सहा वर्षांखालच्या मुलांनी काय पाहावे व काय पाहू नये, हे तिथून ठरवीत असे. कागदोपत्री त्याचे नाव 'भयानुमान प्रणाली' असे भारदस्त होते. पण शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्याला बाळूच म्हणत. "बाळूला दाखवलं का?" "बाळू काय म्हणतोय?" बाळू शांत राहिला तर चित्रपट बालवाड्यांत जाई. बाळू घाबरला तर कपाटात जाई. त्यावर अपील नव्हते. पाच वर्षांच्या पोराशी वाद कोण घालणार?

त्या सोमवारी बाळू 'जटाळीचं तळं' पाहून घाबरला.

"एकेचाळिसाव्या मिनिटाला चौसष्ट," तंत्रज्ञ निरंजन साळोखेने वाचून दाखवले. "आणि शेवटाला अठ्ठावन्न. मर्यादा पंचवीसची आहे."

निकाल शेवटाच्या आकड्यावर ठरे. खुर्चीतून उठताना मूल किती भीती बरोबर घेऊन जाते, एवढेच कायद्याला विचारायचे होते.

टेबलाच्या मधोमध अध्यक्ष उदयराव इंगवले बसले होते. ते मत्स्यव्यवसाय खात्यातून बदलीवर आले होते, आणि बालसाहित्याशी त्यांचा संबंध ते स्वतः कधीकाळी बालक होते इतकाच होता. त्यांच्या उजव्या हाताला डॉ. शलाका खांबेटे. साठ वर्षांचे वय, लोककथांवरची अकरा पुस्तके, आणि मंडळावरचे पद 'मानवी सदस्य'. यंत्राच्या निकालाखाली एका माणसाची सही असावी, अशी कायद्याची इच्छा होती. त्या माणसाने विचार करावा, अशी मात्र कुठे अट नव्हती. सतरा वर्षांत शलाकाबाईंनी अशा अकराशे सह्या केल्या होत्या. मनातल्या मनात त्यांनी प्रत्येक सहीला शिवी हासडली होती. सही मात्र एकदाही अडवली नव्हती. विद्वत्तेचा संताप बहुधा असाच असतो. तो तळटीपांत जातो.

समोर नसीम मुजावर बसली होती. शलाकाबाईंचीच विद्यार्थिनी. गारगोटीच्या आपल्या खालाकडून, म्हणजे मावशीकडून, लहानपणी ऐकलेली गोष्ट तिने नऊ माणसांना घेऊन, चार वर्षे खपून, एकेक चित्र हाताने रंगवून पडद्यावर आणली होती. गोष्ट साधी होती. तळ्याच्या तळाशी जटाळी राहते. ती माणसे खात नाही, आवाज खाते. एकेक करून गावातल्या सगळ्या पोरांचे आवाज ती गिळते, आणि गाव मुके होते. उरते एक तांबुली. ती तळ्यात उतरते, जटाळीच्या उघड्या तोंडात, दातांच्या सात रांगांपलीकडे, स्वतःचे डोके घालते आणि एकेका पोराला नावाने हाक मारते. आणि आतून, अंधारातून, एकेक पोर "ओ" देते.

डोके तोंडात जाते, ते एकेचाळिसावे मिनिट.

"बाळूनं दुरुस्त्या सुचवल्यात," साळोखे म्हणाला. तो बिचारा स्वतःच ओशाळला होता. "तळं गुडघाभर खोल करावं. दात गोल करावेत. जटाळी मुळात एकटी पडलेली मावशी आहे, आणि तिनं आवाज खाल्ले नाहीत, उसने घेतले होते, असं दाखवावं. एकेचाळिसाव्या मिनिटाला तिनं तोंड मिटलेलं बरं."

"मिटलेल्या तोंडात डोकं कसं घालायचं ओ?" नसीमने विचारले.

"घालायचं नाही. बाहेरूनच विनंती करायची."

"विनंती!" नसीम हसली. "खाला म्हणायची, जटाळीसमोर हात जोडले की ती हातपण खाते."

"मुजावरबाई," इंगवले समजुतीच्या सुरात म्हणाले, "लहान लेकरांचा प्रश्न आहे. तुम्ही कलाकार मंडळी भावनाप्रधान. खांबेटेबाई, सही करता ना?"

शलाकाबाईंनी टोपण काढले. आणि मग, का कोण जाणे, सहीऐवजी त्यांनी आलेखाचा कागद ओढून घेतला. बाळूच्या भीतीची रेषा डावीकडून निघत होती, चढत होती, चौसष्टला टेकत होती, आणि पुढे, सगळ्या पोरांनी "ओ" दिल्यावरही, जटाळी फुटून तळ्यावर आवाजांचे पक्षी उडाल्यावरही, तशीच वर राहत होती. शिडीवर चढलेल्या आणि खाली कसे यायचे हे न कळणाऱ्या मुलासारखी.

"साळोखे, हा कधी खाली उतरतो का?"

"म्हणजे?"

"एकदा घाबरल्यावर. कुठल्याही चित्रपटात. या सतरा वर्षांत."

साळोखेने पडद्यावर बोटे फिरवली. सतरा वर्षांचे आलेख एकामागून एक सरकले.

"नाही मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "चढला की चढलेलाच."

शलाकाबाईंच्या तळव्यांना घाम सुटला. हे त्यांना ठाऊक होते. या क्षणापर्यंत आपल्याला ते ठाऊक आहे, हे तेवढे त्यांना ठाऊक नव्हते.

"मी नियम नऊ लावते," त्या म्हणाल्या.

इंगवल्यांनी चष्मा काढला. नियम नऊ सतरा वर्षांत कुणी वापरला नव्हता. मानवी सदस्याला शंका आली तर जिवंत बालकावर, पालकाच्या लेखी संमतीने, एकदा प्रत्यक्ष मोजणी करता येई. "अहो बाई, कोण आपलं पोर देणार घाबरवायला?"

"बघते," शलाकाबाई म्हणाल्या. पाच वर्षांचे एकच मूल त्यांच्या ओळखीचे होते.

*

बाळू कसा जन्मला, हे सांगायला हवे.

माणूस घाबरला की त्याच्या तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि कातडीतून वीज जरा सहज वाहते. डोळ्याची बाहुली विस्फारते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर आखडते. ही तीन मापे घेतली की भीतीला आकडा लावता येतो. तो खरा असेलच असे नाही, पण तो छापता येतो. चोवीस वर्षांपूर्वी तीनशे चाळीस मुलांना गोष्टी ऐकवून आणि चित्रे दाखवून ही मापे घेतली गेली. कोणत्या आवाजाने, कोणत्या सावलीने, कोणत्या वाक्याने आकडा किती हलतो, हे एका गणिती जाळ्याला शिकवले गेले. शिकून झाल्यावर त्या जाळ्याला मुलांची गरज उरली नाही. नवा चित्रपट दाखवला की तीनशे चाळीस मुले मिळून जशी घाबरली असती, तसे ते एकट्याने घाबरून दाखवू लागले. तोच बाळू.

आणि बाळू आल्यावर कायदा झाला की मापनासाठी खऱ्या मुलाला घाबरवणे हा गुन्हा. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला, की बाळू बरोबर आहे का, हे तपासण्याचा रस्ताच बुजला. नियम नऊची एक फट तेवढी राहिली होती, बहुधा मसुदा करणाऱ्याच्या नजरचुकीने.

ती मूळ मोजणी शहरातल्या एका बालवाडीत झाली होती. निळ्या रंगाच्या पेटीसारख्या खोल्या, एकेका मुलाला एकेक, समोर काच. लोककथांची तज्ज्ञ म्हणून एक छत्तीस वर्षांची, हुशार, महत्त्वाकांक्षी बाई नेमली होती. गोष्टी तिनेच निवडल्या, तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. पहिल्याच दिवशी अभियंत्यांची तक्रार आली: मुले मध्येच आवाज करतात. "हं" म्हणतात. हं म्हणताना छाती थरथरते, जबड्याचे स्नायू आवळतात, त्यांची वीज हृदयाच्या विजेत मिसळते आणि सगळी नोंद गढूळ होते.

तो "हं" काय आहे, हे त्या बाईला जितके माहीत होते तितके महाराष्ट्रात क्वचितच कुणाला असेल. हुंकारावर तिने चाळीस पानांचे प्रकरण लिहिले होते. गोष्ट सांगणाऱ्याने एक वाक्य सांगायचे आणि ऐकणाऱ्याने "हं" म्हणायचे. हुंकार आला नाही तर सांगणाऱ्याने थांबायचे, असा घरोघरचा रिवाज. गोष्टीची दोरी ऐकणाऱ्याच्या हातात ठेवणारा तो एकाक्षरी करार, असे तिने लिहिले होते. वाक्य चांगले होते. पुढे पुष्कळांनी ते उद्धृत केले.

आणि तिने अभियंत्यांना सांगितले, "काही हरकत नाही. मी मुलांना गप्प बसायला सांगते."

नोंदी स्वच्छ आल्या. अहवालात तिचे आभार मानले गेले. त्या बाईचे नाव शलाका खांबेटे होते.

*

ईराचा दवाखाना रंकाळ्याच्या बाजूला होता. ती मुलांच्या दातांची डॉक्टर होती. शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट, जेमतेम सहा वर्षांचा, खुर्चीत आडवा पडला होता, आणि ईरा त्याला सांगत होती, "हे बघ, हा तुझा हात. हा वर केलास की मी मशीन बंद करणार. लगेच. करून बघ."

मुलाने हात वर केला. ईराने मशीन बंद केले. मुलाने पुन्हा वर केला. तिने पुन्हा बंद केले. मग दाढ भरून होईपर्यंत त्याने हात हलवला नाही.

शलाकाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"आज्जी!" कोपऱ्यातल्या बाकावरून रेवाने हाक मारली. रेवा पाच वर्षांची, समोरचा एक दात नसलेली. तिच्या मनगटात शाळेने दिलेले पांढरे कडे होते. ते नाडीवरून भीती मोजे, आणि भीतीचा आकडा पंचविसावर गेला की ईराचा फोन गुरगुरे. त्यामुळे या घरात आजीने नातीला गोष्ट सांगणे म्हणजे भरल्या भांड्याने पायऱ्या चढण्यासारखे होते. गेल्या दिवाळीत गोष्टीतल्या कोल्ह्याने नुसते दार वाजवले, आणि फोन गुरगुरला. तेव्हापासून गोष्टी बंद होत्या.

पेशंट गेला. रेवा मासे पाहायला बाहेरच्या काचपेटीपाशी गेली. शलाकाबाईंनी नियम नऊचा कागद टेबलावर ठेवला आणि कोरड्या, व्यवस्थित वाक्यांत चित्रपटाविषयी सांगितले. ईराने हातमोजे काढता काढता ऐकून घेतले.

"दातांच्या सात रांगा," ती म्हणाली. "माझ्या धंद्याला बरं आहे. पण नाही."

"ईरा, बाळू चुकतोय."

"तुला तो कधी आवडलाच नाही, आई. तू त्याचा पगार खातेस आणि त्याला नावं ठेवतेस. सतरा वर्षं ऐकतेय. आज माझं पोर कशाला पाहिजे?"

"कारण तो का चुकतोय हे मला माहीत आहे." अकरा पुस्तके लिहिणाऱ्या बाईला पुढचे वाक्य सापडेना. "त्या मोजणीत... तू होतीस. तुला आठवत नसेल."

ईरा हात धूत होती. तिने नळ बंद केला नाही.

"निळी पेटी," ती म्हणाली. "नव्या रंगाचा वास. छातीला चिकटपट्ट्या. उंबराच्या ढोलीतल्या मुलीची गोष्ट होती. बाहेर वाघ. गोष्ट तुझ्या आवाजात येत होती आणि तू काचेपलीकडे उभी होतीस, पण तुझं तोंड हलत नव्हतं. पाच वर्षांच्या मुलीला काय वाटेल सांग. मला वाटलं, ही आई नाही. मग मी घरी म्हणायचे तसं 'हं' म्हटलं. म्हटलं, आई असेल तर ओळखेल."

पाणी वाहत होते.

"आणि तू ओठांवर बोट ठेवलंस."

शलाकाबाई उभ्या होत्या त्या पेशंटच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"वाघानं ढोलीत पंजा घातला, तिथपर्यंत ऐकलं," ईरा म्हणाली. "मग कानात बोटं घातली. पुढचं मला माहीत नाही. कधी विचारलंही नाही. आता कळतंय का, मी मुलांना हात वर करायला का शिकवते?"

"मी चूक केली, ईरा. मला तेव्हाही कळत होतं."

"कळत होतं म्हणूनच ती चूक नव्हे. दुसऱ्या कुणी केली असती तर चूक म्हटलं असतं."

हे वाक्य शलाकाबाईंना स्वतःला लिहावेसे वाटले असते.

ईराने नळ बंद केला, हात पुसले, कागद उचलला आणि दोनदा वाचला. "तफावत आली तर कारण लिहावं लागेल म्हणतात इथं. काय लिहिणार?"

"खरं ते."

"तू?" ईराने आईकडे रोखून पाहिले. नजरेत राग नव्हता. शंका होती, आणि ती जास्त बोचली. "बरं. माझ्या दोन अटी. बंद करायचं बटण माझ्या हातात. आणि तू काचेपलीकडे उभी राहायचं नाहीस. आमच्याबरोबर आत बसायचं."

*

बुधवारी सकाळी अकराला प्रयोगखोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत ईरा, तिच्या मांडीवर रेवा, शेजारी शलाकाबाई. काचेपलीकडे इंगवले, नसीम आणि साळोखे.

"आवाज केला तर चालेल ना?" शलाकाबाईंनी विचारले.

"आता गाळता येतो ओ, मॅडम," साळोखेचा आवाज आला. "तेव्हा येत नव्हता."

शलाकाबाईंनी रेवाच्या कानाशी वाकून सांगितले, "ही सिनेमातली बाई गोष्ट सांगणार. तिला आपण ऐकतोय हे कळायला पाहिजे की नाही? ती थांबली की हं म्हणायचं."

"ती थांबेल?"

नसीमच्या खालानेच चित्रपटाला आवाज दिला होता, आणि ती बाई आयुष्यभर हुंकार घेत आल्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर आपसूक थांबली होती. बाळूने त्या जागांना 'अनावश्यक शांतता' म्हणून लाल खुणा केल्या होत्या.

"एक होतं तळं," खाला म्हणाली, आणि थांबली.

"हं," रेवा म्हणाली.

आकडा भिंतीवर दिसत होता. सात. नऊ. पहिल्या पोराचा आवाज गेला तेव्हा एकवीस. गाव मुके झाले तेव्हा तेहतीस. ईराच्या खिशात फोन गुरगुरू लागला. तिने तो न पाहता बंद केला. तांबुली पाण्यात उतरली. चव्वेचाळीस. रेवाचा "हं" बारीक होत गेला. तिचे गुडघे पोटाशी आले. ज्या बाईने तीनशे चाळीस मुलांना एकेकट्याने हे भोगायला लावले, ती आता तीनशे एकेचाळिसाव्याजवळ बसली होती, आणि तिला खात्री नव्हती. सगळा अभ्यास एका बाजूला, आणि मांडीवरचे थरथरते पोर एका बाजूला.

जटाळीने तोंड उघडले. पडद्यावर दातच दात झाले. त्रेसष्ट. अडुसष्ट. एकाहत्तर.

बाळूसुद्धा एवढा घाबरला नव्हता.

ईराचा अंगठा बटणावर आला. तिने आईकडे पाहिले. खाला थांबली. एक क्षण, दोन क्षण. मग ईराने लेकीच्या कानात विचारले, "बंद करू, रेवा? तू म्हणशील तेव्हा बंद."

रेवाने तोंडातली बोटे काढली. आणि चिडून, पडद्याकडे पाहत, म्हणाली, "हंऽऽ!"

तो हुंकार लांब होता. त्यात सगळा श्वास बाहेर पडला. श्वास असा रेंगाळत बाहेर पडला की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी एक मोठी नस हृदयाला लगाम घालते, हे वैद्यकाला कधीचे माहीत आहे. घराघरातल्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना ते माहीत असण्याची गरज पडली नव्हती. तांबुलीने पहिल्या पोराला हाक मारली. अंधारातून "ओ" आली. भिंतीवरचा आकडा साठ झाला. दुसरी हाक. एक्कावन्न. तिसरीपासून रेवाच पडद्यावरच्या पोरांच्या आधी "ओ" देऊ लागली. छत्तीस, बावीस, पंधरा. तळ्यावर पक्षी उडाले तेव्हा ती मांडीवरून उतरून उड्या मारीत होती.

चित्रपट संपला. आकडा नऊ होता.

काचेपलीकडे नसीमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

*

"अठ्ठावन्न आणि नऊ," इंगवले म्हणाले. "एकोणपन्नासची तफावत. अभिनंदन, मुजावरबाई, निकाल तुमच्या बाजूनं. आता एवढी औपचारिकता." त्यांनी कागद शलाकाबाईंपुढे सरकवला.

कागदावर दोन चौकोन होते. तफावतीचे कारण. पहिला: बालक अपवादात्मक. दुसरा: प्रणालीत मूलभूत दोष, सविस्तर खुलासा जोडावा.

"पहिल्यावर खूण करा," इंगवले आवाज खाली आणून म्हणाले. "पिक्चर आजच सुटतो. तुमची नातच आहे, घरातला मामला. दुसऱ्यावर केलीत, तर कलमाप्रमाणं प्रणाली राज्यभर बंद ठेवावी लागते. फेरमोजणी होईपर्यंत कुणालाच प्रमाणपत्र नाही. याही पिक्चरला नाही. वर्ष, दोन वर्षं. आणि खुलाशात कुणाचं तरी नाव लिहावं लागेल." ते थांबले. "मूळ अहवाल मी वाचलाय, बाई. आभाराचं पानसुद्धा."

मत्स्यव्यवसायातला माणूस वाचतो, हे शलाकाबाईंनी कधी गृहीत धरले नव्हते. आयुष्यातल्या अनेक अजागळ गृहीतकांत आणखी एकाची भर.

"अपवादात्मक म्हणजे काय होतं?" ईराने विचारले. रेवा तिच्या कडेवर होती.

साळोखेने खाली पाहत उत्तर दिले. "कड्यात नोंद जाते. भीतीचा प्रतिसाद असामान्य, म्हणून. दर महिन्याला समुपदेशन. शाळेच्या सहलीला, पोहायला वेगळी परवानगी. अठरा वर्षांपर्यंत राहते."

नसीम शलाकाबाईंच्या हातातल्या पेनाकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात चार वर्षे होती, नऊ माणसे होती, गारगोटीची ऐंशी वर्षांची म्हातारी होती. एक खूण. एका निरोगी मुलीला आजारी म्हणायचे, की चित्रपट सुटतो, बाळू सुटतो, शलाका खांबेटे सुटते. पुन्हा एकदा नोंद स्वच्छ ठेवायची, आणि त्यासाठी एका मुलीला गप्प बसवायचे. एवढी सोय त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत होती.

त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

खुलाशाला तीन ओळींची जागा होती. त्यांनी कागद उलटा केला आणि मागचे पान भरले. मूळ मोजणीत मुलांचा हुंकार बंद करण्यात आला. तो बंद केल्यास भीती उतरण्याचा मार्ग बंद होतो, हे सूचना देणाऱ्या तज्ज्ञाला ज्ञात होते. म्हणून प्रणाली मुलांची भीती मोजत नाही, एकट्या पाडलेल्या मुलांची भीती मोजते. सूचना देणारी व्यक्ती मी. खाली, अकराशे एकाव्या वेळी, सही. या खेपेला शिवी सुचली नाही.

"पाडलात माझा पिक्चर, मॅडम," नसीम म्हणाली.

"हो."

"खाला विचारेल. काय सांगू तिला?"

"शिव्या द्यायला सांग मला. मी येऊन ऐकते."

नसीमने डोळे पुसले, पर्स उचलली, दारापाशी गेली आणि वळली. "'ओ' देत होती ओ ती," रेवाकडे पाहत ती म्हणाली. "मी स्क्रिप्टमध्ये लिहिलंसुद्धा नव्हतं." आणि जिना उतरून गेली.

इंगवल्यांनी कागदावर शिक्का मारला. वरच्या खोलीत साळोखेने बाळूला बंद केले. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या थंडगार खोलीतली यंत्रांची घरघर थांबली.

*

परतताना गाडी ईरा चालवत होती. मागच्या सीटवर रेवा आजीच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. तिच्या मनगटातले कडे ईराने काढून डॅशबोर्डवर टाकले होते. सोमवारपासून चौकशी लागेल, हे शलाकाबाईंना दिसत होते. वर्तमानपत्रे येतील, अकरा पुस्तकांतले ते एक सुरेख वाक्य आता वेगळ्या कारणासाठी उद्धृत होईल. ईरा कचेरीतून निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

"आज्जी, दुसरी गोष्ट," रेवाने पेंगुळत फर्मावले.

शलाकाबाईंनी आरशात पाहिले. ईराची नजर रस्त्यावर होती.

"एक होतं उंबराचं झाड," त्या म्हणाल्या.

"हं."

"त्याला होती ढोली. ढोलीत बसली होती एक मुलगी."

"हं."

"बाहेर आला वाघ. त्यानं झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या."

"...हं."

"आणि त्यानं ढोलीत घातला पंजा."

हुंकार आला नाही. शलाकाबाईंनी खाली पाहिले. रेवाचे तोंड किंचित उघडे होते. पडलेल्या दाताच्या फटीतून श्वास संथ ये-जा करीत होता. झोपली होती.

रिवाजाप्रमाणे त्या थांबल्या. सिग्नलला गाडी उभी राहिली. दिवा लाल होता. त्या लाल दिव्यातले आकडे एकेक करून कमी होत होते, आणि शलाकाबाईंच्या मनात आले, की सांगणाऱ्याने आपण होऊन पुढे जायचे नसते. चोवीस वर्षांनीही नाही.

दिवा हिरवा झाला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. ईराने गाडी हलवली नाही. आरशात न पाहता, अगदी हळू, ती म्हणाली,

"हं."